संयुक्त मोजणीत न मोजलेले

रस्त्याच्या चौपदरीकरणासाठी जमीन जायची असते तेव्हा गावात संयुक्त मोजणी होते. भूमी अभिलेखचा भूमापक, तलाठी, रस्ते खात्याचा किंवा सल्लागार कंपनीचा माणूस आणि ज्यांची जमीन जाणार ते शेतकरी असा घोळका गटामागून गट चालत जातो. त्या जमिनीची इतकी बारीक पाहणी एरवी कधीच होत नाही. विहीर बांधीव की कच्ची, बोअर किती इंची, पाइपलाइन किती फूट, आंबा कलमी की रायवळ आणि किती वर्षांचा, गोठा पत्र्याचा की कौलारू, हे सगळे पंचनाम्यात उतरते, कारण प्रत्येक ओळीवर कुणाचा तरी मोबदला अवलंबून असतो. एखादे झाड राहून गेले तर शेतकरी भांडतो, आणि त्याने भांडावेच.

त्याच गटाच्या बांधाला, चिंचेखाली, शेंदूर फासलेला एक दगड अर्धा मातीत रुतून उभा असतो. शेंदराखाली बोट फिरवले की चौकटी हाताला लागतात. सर्वांत खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला एक माणूस आहे आणि त्याच्या मागे गाईंची रांग आहे. गावची गुरे हाकून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. त्याच्यावरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरले आहेत, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. असे वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांतले पुष्कळसे यादव-शिलाहारांच्या काळातले आहेत. संयुक्त मोजणीच्या पंचनाम्यात हा दगड येत नाही. त्याचा कुणी मालक नाही, म्हणून त्याच्यासाठी भांडणारा नाही, आणि कोष्टकात त्याच्यासाठी रकानाही नाही. सहा महिन्यांनी जेसीबी येतो तेव्हा चिंचेचे पैसे मिळालेले असतात आणि वीरगळ भरावाच्या पोटात जातो. एखाद्या ऑपरेटरला भीती वाटली किंवा भक्ती आठवली, तर तो दगड उचलून जवळच्या देवळामागे टाकतो. दगड वाचतो, पण तो कुठे उभा होता, कोणत्या वाटेकडे तोंड करून होता, त्याच्या शेजारी आणखी काय होते, हे कायमचे जाते.

रस्ता रुंद करण्याआधी त्या पट्ट्याची पुरातत्त्वीय पाहणी झालीच पाहिजे, आणि ती आखणी पक्की होण्याआधी झाली पाहिजे, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे. मागणी साधी वाटते. पण आपल्या आजच्या पद्धतीत तिला कुठेच जागा नाही, आणि ज्या कामाला आपण सर्वांत निरुपद्रवी समजतो, त्याच कामात तिची गरज सर्वांत जास्त आहे.

निरुपद्रवी समजतो ते असे. नवा द्रुतगती मार्ग शेतांतून जातो, त्याला विरोध होतो, त्याची चर्चा होते. रुंदीकरणाला मात्र कुणी फारसे काही म्हणत नाही. रस्ता आहेच, फक्त दोन्ही बाजूंना थोडा वाढवायचा. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर गणित नेमके उलटे पडते. नवा मार्ग ओसाड माळावरून जाऊ शकतो. जुना रस्ता बहुधा त्याहून जुन्या वाटेवर बसलेला असतो, आणि माणसे वाटेच्या काठाने राहत आली आहेत. तेव्हा रस्त्याच्या कडेची वीस-तीस मीटरची पट्टी ही त्या सबंध परिसरातली सर्वांत भरलेली जमीन असण्याचा संभव अधिक.

सह्याद्रीने आपल्याला फारसे पर्याय दिलेले नाहीत. कोकणातून देशावर चढायचे तर ठरावीक घाट, नदी ओलांडायची तर ठरावीक उतार. सातवाहनांचे व्यापारी ज्या खिंडीतून गेले, त्याच खिंडीच्या आसपास पुढे इंग्रजांनी सडक काढली आणि आपण महामार्ग केला. पुरावा डोळ्यांसमोर आहे. महाडजवळची गंधारपाले लेणी मुंबई-गोवा महामार्गावरून गाडीत बसून दिसतात. नाशिकची पांडवलेणी मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहेत. कार्ले, भाजे आणि बेडसे बोरघाटाच्या माथ्याशी आहेत, आणि जुना मुंबई-पुणे रस्ता, लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग या तिघांनीही तीच वाट धरली आहे. नाणेघाट मात्र वाचला. तिथला जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख आजही वाटेवर आहेत. मला त्याचे सर्वांत मोठे कारण हेच दिसते की मोटाररस्ता शेजारच्या माळशेज घाटातून गेला.

लेणी टिकली कारण ती डोंगराच्या कातळात खोदलेली होती. पण लेण्यांत कुणी दुकान थाटत नव्हते. ज्यांनी ती खोदवली, ज्यांच्या दानावर भिक्षू जगले, ती माणसे खाली सपाटीवर, वाटेच्या काठी, माती-लाकडाच्या घरांत राहत होती. त्यांची गावे कुठे आहेत? नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले, एकीकडे 2000 आणि दुसरीकडे 1000, आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायची व्यवस्था केली. तिथल्याच दुसऱ्या एका लेखात तो सांगतो की त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या, विहिरी-तळी खोदली, तापी आणि दमण अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर पाणपोया केल्या. आजच्या भाषेत ही महामार्गावरची सुविधा केंद्रे झाली. या धर्मशाळा आणि पाणपोया शोधायच्या तर जुन्या उतारांच्या आणि जुन्या वाटांच्या काठीच शोधाव्या लागतील, म्हणजे आपण जिथे पूल रुंद करतो आणि सेवारस्ता काढतो तिथे.

कार्ल्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथल्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावाचे दाते पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांत यवनही आहेत. हे गाव नक्की कुठे होते यावर आजही एकमत नाही. डी. डी. कोसंबी यांनी ते कार्ल्याच्याच परिसरात शोधले होते. इतरांनी ते इतरत्र दाखवले. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माणसे ज्या गावात राहून दानधर्म करत होती, ते गाव आपल्याला नकाशावर ठेवता येत नाही. त्याचा काही भाग रस्त्याच्या एखाद्या रुंदीकरणात यापूर्वीच गेला असेल का? याचे उत्तर देता येत नाही, कारण त्या पट्ट्यांत खोदाई चालू असताना तिथे पाहणारे कुणी उभे नव्हते.

कोसंबींचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगायला हवे. गणितज्ञ असलेला हा माणूस पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि पायवाटा वर्षानुवर्षे तुडवत होता आणि गारगोटीची इवलीशी अश्मयुगीन हत्यारे वेचत होता. 1962 साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त त्यांनी मांडले की वेशीबाहेर, तिठ्यांवर आणि ओसाड जागी असलेली मातृदेवतांची ठाणी अनेकदा फार जुन्या वाटांच्या संगमावर येतात, आणि त्याच वाटांवर ही हत्यारे सापडतात. गुराखी-धनगरांच्या ऋतुमानाप्रमाणे फिरण्याच्या त्या वाटा होत्या, व्यापारी आणि भिक्षू त्यांच्या मागून आले. त्यांच्या एकेका निष्कर्षावर वाद घालता येईल. पण रस्ता हाच एक पुरातत्त्वीय अवशेष आहे, ही त्यांची दृष्टी आपल्या रस्ते खात्यापर्यंत कधी पोचलीच नाही. रस्त्यावरचा म्हसोबा रुंदीकरणात मागे सरकवला जातो, त्याला सिमेंटची नवी घुमटी मिळते, गावकरी समाधान मानतात. म्हसोबा सरकतो, तिठा सरकत नाही.

जमिनीखाली जे आहे ते दिसायला फार साधे असते, हीदेखील एक अडचण आहे. दख्खनमध्ये पुरातत्त्वीय स्थळ म्हणजे पडके शिखर किंवा कोरीव खांब असेलच असे नाही. बहुतेक वेळा ते नदीकाठचे पांढरीचे टेकाड असते. शतकानुशतके घरे पडून, राख-शेण-माती साचून झालेला तो राखाडी उंचवटा असतो. शेतकरी ती माती खत म्हणून नेत आले आहेत. शिरूर तालुक्यातले घोड नदीवरचे इनामगाव पाहायला गेलेल्या अनोळखी माणसाला काहीच दिसले नसते. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षे खोदाई केली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या त्या कामातून इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातले एक सबंध शेतकरी गाव बाहेर आले. घरांच्या जमिनी, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, कुंभाराची भट्टी, पाण्याचा कालवा, घरातल्या जमिनीखाली रांजणात पुरलेली मुले, सगळे दिसले. पाऊसमान घटत गेले तशी गोल झोपड्यांत राहणारी, गुरांवर जगणारी वस्ती आधीच्या चौकोनी घरांच्या जागी कशी आली, हे या मातीने सांगितले. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आपल्याला जे नीट ठाऊक आहे त्यातले फार मोठे दान या एका उंचवट्याचे आहे.

आता हाच उंचवटा रस्त्यालगत आहे असे समजा. महामार्गाचा भराव उंच करायला लाखो घनमीटर माती आणि मुरूम लागतो. ठेकेदार तो जवळात जवळच्या जागेतून घेतो, कारण वाहतुकीचा खर्च त्याच्या अंगावर असतो. शेतातले निरुपयोगी टेकाड सपाट होणार आणि वर पैसेही मिळणार, तर शेतकरी नाही म्हणत नाही. म्हणजे रस्त्याने व्यापलेल्या पट्टीबाहेरही, किलोमीटर-दोन किलोमीटरच्या अंतरात, भरावासाठी उचललेल्या मातीतून प्राचीन वस्त्या नाहीशा होऊ शकतात, आणि त्या जागा प्रकल्पाच्या नकाशावर बहुधा नसतातही. विदर्भात हेच शिळावर्तुळांबाबत होते. लोहयुगीन माणसांनी मोठ्या दगडांचे वर्तुळ मांडून आत मृतासोबत लोखंडी हत्यारे आणि मडकी ठेवली आणि वर मुरूम-गोट्यांची भर घातली. माहुरझरीला अशा दफनात घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. जुनापाणीची वर्तुळे नागपूर-काटोल रस्त्याच्या बाजूला आहेत. ज्याला माहीत नाही त्याच्या डोळ्यांना हे सगळे आयते दगड आणि आयता मुरूम आहे.

कायदा याबाबत काय करतो? प्राचीन स्मारकांचा 1958 चा केंद्रीय कायदा आहे, राज्याचा 1960 चा आहे. 2010 च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर मनाई क्षेत्र आणि त्यापुढे 200 मीटर नियमन क्षेत्र ठरवले. पण हे सगळे यादीतल्या स्मारकांपुरते आहे. देशभरात केंद्र संरक्षित स्मारके साडेतीन हजारांच्या थोडी वर आहेत आणि महाराष्ट्रात तीनशेच्या आत. यादीत जे नाही ते कायद्याला दिसत नाही. यादीत असूनही काय होते ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) 2013 साली दाखवले. त्यांच्या पथकांनी 1655 स्मारके प्रत्यक्ष जाऊन पाहिली तेव्हा 92 जागेवर आढळली नाहीत. पुढे पुरातत्त्व खात्याने शोध घेऊन हा आकडा 50 वर आणला. त्यांतली 14 वाढत्या शहरांनी गिळली होती, 12 धरणांच्या पाण्यात गेली होती आणि 24 कुठे होती हेच कळत नव्हते. 2024 मध्ये 18 नावे यादीतून काढायचे ठरले. त्यांत फरिदाबादजवळच्या मुजेसरचा कोसमिनार होता. मोगल राजरस्त्यावर अंतर दाखवायला बांधलेला तो मनोरा, म्हणजे मुळात रस्त्याचाच एक भाग.

पर्यावरणीय मंजुरीच्या वाटेने काही संरक्षण मिळेल असे कुणाला वाटेल. 2006 च्या अधिसूचनेत प्रकल्पाजवळच्या सांस्कृतिक महत्त्वाच्या जागांबद्दल विचारणा आहे खरी, पण तीही मुख्यतः आधीच संरक्षण मिळालेल्या जागांबद्दल. शिवाय 2013 च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गाचे विस्तारीकरण 100 किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि सध्याच्या मार्गावर 40 मीटरपेक्षा किंवा बाह्यवळणावर 60 मीटरपेक्षा अधिक जादा जमीन लागत असेल तरच मंजुरीची गरज उरली. त्यामुळे रुंदीकरणाची बहुसंख्य कामे या चाळणीत येतच नाहीत. रुंदीकरण निरुपद्रवी असते ही समजूत इथे नियमातच बसली आहे.

राहिला 1878 चा निखात निधी कायदा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा सगळी जबाबदारी ज्याच्या हातात फावडे आहे त्याच्यावर टाकतो. परराज्यातून आलेला, रोजंदारीवरचा मजूर तहसीलमध्ये जाऊन वर्दी देईल ही अपेक्षाच चुकीची आहे. वर्दी दिली तर काम थांबेल, मुकादम चिडेल, पोलीस विचारपूस करतील. नाणी असतील तर ती वाटून घेतली जातात आणि खापरे असतील तर ती कुणी पाहतही नाही. खापरे हीच बहुतेकदा अधिक मोलाची असतात, पण ते सांगायला तिथे कुणी नसते.

इतर देशांनी हा प्रश्न सोडवला आहे, निदान हाताळला आहे. 1990 साली इंग्लंडने नियोजनाच्या नियमात घातले की बांधकामाला परवानगी मागणाऱ्याने आधी जागेची पुरातत्त्वीय तपासणी करावी आणि खर्चही त्यानेच सोसावा. 1992 च्या माल्टा करारात युरोपीय देशांनी हेच तत्त्व मान्य केले. जपानमध्ये दर वर्षी होणाऱ्या उत्खननांपैकी बहुतांश बांधकामांआधीची असतात. आओमोरी इथे बेसबॉल मैदानासाठी जमीन तपासताना सान्नाई-मारुयामाचे प्रचंड प्रागैतिहासिक गाव निघाले तेव्हा 1994 मध्ये मैदानच रद्द केले गेले.

पण मला सर्वांत उपयोगी वाटते ते केंब्रिज आणि हंटिंग्डन यांच्यामधल्या ए-14 रस्त्याचे काम, कारण ते जुन्या, गर्दीच्या रस्त्याच्या सुधारणेचे काम होते. सुमारे 34 किलोमीटरचा मार्ग आणि दीड अब्ज पौंडांचा खर्च. आधी कागद पाहिले गेले. जुने नकाशे, हवाई छायाचित्रे, पूर्वी सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी. मग जमिनीवरून उपकरणे फिरवून खालच्या चरांचे आणि भट्ट्यांचे चुंबकीय ठसे घेतले. मग ठरावीक अंतरावर चाचणीचे चर खणले. या तीन पायऱ्यांनंतर जिथे खरोखर काही होते तिथेच सलग खोदाई झाली. 2016 ते 2018 या काळात एका वेळी अडीचशेपर्यंत पुरातत्त्वज्ञ तिथे काम करत होते. लोहयुगीन वस्त्या, रोमन काळातल्या मडक्यांच्या भट्ट्या, अँग्लो-सॅक्सन गावे आणि मध्ययुगात सोडून दिलेले एक खेडे, एवढे सगळे निघाले. इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास तिथे बिअर गाळली जात होती हे जळक्या धान्याच्या बारीक कणांवरून कळले. असे कण बादलीभर माती पाण्यात घालून चाळल्याशिवाय हाती लागत नाहीत, आणि घाईत कुणी माती चाळत नाही. मे 2020 मध्ये रस्ता खुला झाला, ठरल्या वेळेच्या काही महिने आधीच. पुरातत्त्वामुळे काम रखडते असे जे लोक म्हणतात त्यांना मी या रस्त्याचे उत्तर देईन. आधी पाहिले की रखडत नाही. रखडते ते मध्येच काही सापडल्यावर, न्यायालयात गेल्यावर, लोक रस्त्यावर बसल्यावर.

आयर्लंडची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पाहणीला सर्व रोगांवरचे औषध म्हणून विकतो आहे असे होईल. आयरिश राजांच्या परंपरेचे पवित्र ठिकाण असलेल्या ताराच्या टेकडीजवळून एम-3 महामार्ग काढायचे ठरले. पाहणी झाली होती, खोदाई झाली होती, तरी 2007 साली लिसमलिन इथे सुमारे 80 मीटर व्यासाचे लाकडी खांबांचे लोहयुगीन वर्तुळ बाहेर आले. त्याला राष्ट्रीय स्मारक ठरवले गेले, त्याची नीट नोंद झाली, आणि मग त्यावरून रस्ता गेला. 2010 मध्ये तो खुला झाला. आखणी बदलायची वेळ निघून गेल्यावर केलेली पाहणी एवढेच करू शकते. इतिहासाला ती सन्मानाने निरोप देते. म्हणून पाहणी किती कसून केली यापेक्षा ती कधी केली हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. आखणी कागदावर असताना रेघ तीस मीटर सरकवायला काही लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली भूसंपादनाची पहिली अधिसूचना निघाली, गटक्रमांक छापून आले, की तीच रेघ सरकवणे म्हणजे नवे गट, नव्या हरकती आणि नवी वर्षे. संयुक्त मोजणी या टप्प्यानंतर येते. म्हणजे तिच्या पंचनाम्यात वीरगळाचा रकाना घातला पाहिजे हे खरे, पण त्याने दगड वाचेल, जागा वाचणार नाही. जागा वाचवायची तर सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर) तयार होत असतानाच कुणीतरी तो पट्टा पायी चालला पाहिजे.

हे काम आपल्याकडे अवघड आहे का? कागदपत्रांची तयारी तर आपल्याकडे उत्तम आहे. जुनी गॅझेटियरे आहेत, टोपोशीट आहेत, महसुली यादीत बेचिराख गावांची नावे आहेत, शेतांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. एखाद्या शेताला पांढरीचे शेत म्हणतात आणि त्याच्या नांगरटीत लाल-काळी खापरे वर येतात, हे त्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ठाऊक असते. पन्नास किलोमीटरच्या पट्ट्याची पहिली पाहणी प्रशिक्षित माणसांचे छोटे पथक एका हिवाळ्यात सहज करील. पीक निघाल्यावर आणि उन्हाळी नांगरटीनंतर जमीन उघडी असते तेव्हा तर अधिकच सोपे. डेक्कन कॉलेज, मुंबई आणि नागपूर विद्यापीठांतून पुरातत्त्व शिकून दर वर्षी मुलेमुली बाहेर पडतात. त्यांतल्या फार थोड्यांना त्या विषयात काम मिळते. एकीकडे काम करणारे हात रिकामे आणि दुसरीकडे हजारो किलोमीटरचे पट्टे न पाहता खणले जात आहेत, ही स्थिती मला असह्य वाटते.

कोकणात तर सरकारच्याही आधी लोकांनीच हे केले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची कातळशिल्पे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी पायी फिरून, गुराख्यांना विचारून शोधली. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसूची माणसाची आणि वाघांची आकृती, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे. 2022 मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जांभ्याच्या सड्यावर ही रेखाटने काही इंच खोल आहेत. त्यांच्या वर मातीचे आवरण नाही, खाली थर नाहीत. जांभा काढणारा चिरेखाणवाला किंवा सड्यावरून रस्ता रुंद करणारा जेसीबी तासाभरात एक शिल्प नाहीसे करू शकतो, आणि मग खाली खणूनही काही मिळणार नाही.

आता आक्षेपांकडे येतो. रस्त्याची गरज खरी आहे. अरुंद रस्त्यावर दर वर्षी माणसे मरतात, बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात नेता येत नाही, भाजीपाला बाजारात पोचेपर्यंत सुकतो. मुंबई-गोवा रस्त्याची वाट कोकणाने दशकभराहून अधिक काळ पाहिली आहे. या लोकांना दगडासाठी थांबा असे सांगायला मी जाणार नाही, आणि पाहणीची मागणी करणाऱ्या कुणी जाऊ नये. पण या दशकभराच्या विलंबाला एकही खापर कारणीभूत नव्हते. भूसंपादन, ठेकेदारांचे बदल, निधी आणि न्यायालयीन वाद यांनी तो झाला. त्या वर्षांत पाहणी करायला वेळच वेळ होता.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. कुणी पुरातत्त्वाचे लोक येऊन शेतात काही शोधू लागले की पहिली शंका येते ती जमीन अडकण्याची. शंभर मीटरच्या नियमाने संरक्षित स्मारकाशेजारच्या माणसाला संडास बांधायलाही परवानग्या मागत फिरावे लागते, हे लोकांनी पाहिले आहे. ही भीती खोटी नाही. म्हणून पाहणी आणि संरक्षण या दोन गोष्टी कायद्याने स्पष्ट वेगळ्या केल्या पाहिजेत. पाहणीत नोंद झाली म्हणून जमिनीवर कोणतेही बंधन येणार नाही, फक्त सार्वजनिक कामाच्या ठेकेदारावर येईल, असे लिहून दिले पाहिजे. एवढे केले तर शेतकरी स्वतःहून सांगतील. अक्षीचा शिलालेख पाहा. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या या गावातला, गाढवाचे शापचित्र असलेला हा गद्धेगाळ शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा, मराठीतला सर्वांत जुना शिलालेख असल्याचे शं. गो. तुळपुळे यांनी मांडले. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. असा दगड वर्षानुवर्षे रस्त्याकाठी उघड्यावर होता, आणि त्याची आच गावातल्याच माणसांना लागली होती.

तिसरा धोका पाहणीच्याच पोटात आहे. ठेकेदाराने नेमलेला सल्लागार, ठेकेदाराच्या पैशाने, ठेकेदाराला हवा तो अहवाल देईल. एका ओळीत 'सदर क्षेत्रात पुरातत्त्वीय अवशेष आढळून आले नाहीत' असे लिहिलेले ना-हरकत कागद फाइलीला लागतील. पर्यावरणीय अहवालांचे आपण काय केले ते पाहिले तर ही शंका अनाठायी नाही. म्हणून पैसा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून यावा, पण तो राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे जमा व्हावा आणि पाहणीची नेमणूक त्यांनी विद्यापीठांमधून करावी. खोदाई सुरू असताना वरचा थर काढण्याच्या दिवसांत एक प्रशिक्षित माणूस जेसीबीजवळ उभा असावा आणि त्याला दोन दिवस काम थांबवण्याचा अधिकार असावा. भरावाची माती जिथून घ्यायची त्या जागाही याच पाहणीत याव्यात, नाहीतर सगळे व्यर्थ आहे. जे हलवावेच लागेल ते हलवण्याआधी जागेवर मोजून, छायाचित्र घेऊन, तालुक्याच्याच ठिकाणी ठेवावे. पैठण आणि तेरला ते जमले आहे. तिथली संग्रहालये स्थानिक हौशी माणसांच्या आयुष्यभराच्या वेचणीतून उभी राहिली.

आणि अहवाल मराठीत असावा. भूसंपादनाची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते त्याच्या आधी पाहणीची यादी तिथे लागावी. कोणत्या गटात वीरगळ, कोणत्या गटात पांढर, कोणत्या ओढ्याकाठी जुना घाट, कुठे बारव, हे सगळे गावाच्या सहीसाठी खुले असावे. राहून गेलेले चिंचेचे झाड ज्या आवाजात पंचनाम्यात घालून घेतले जाते, त्याच आवाजात राहून गेलेला दगडही तेव्हा गावकरी घालून घेतील. आखणीची रेघ त्या दिवशी अजून पेन्सिलीचीच असेल.